बटणवाल्यांचा कट्टा

कोराडी रोडवरच्या एका लेआउटमध्ये, हनुमान मंदिराच्या पाठीमागे, कडुनिंबाखाली सिमेंटचा एक कट्टा आहे. औष्णिक वीज केंद्रातून रिटायर झालेली मंडळी रोज संध्याकाळी तिथे बसतात. मधुकरराव लांजेवार येताना दिसले की ही सगळी मंडळी, गुडघे कुरकुरत असले तरी, अर्धवट उठून पुन्हा बसतात. मधुकरराव शिफ्ट इंचार्ज होते. ते रिटायर झाले, पण त्यांची इंचार्जगिरी काही रिटायर झाली नाही.

त्यांचं ऐकायची लोकांना सवयच लागून गेली होती. त्यांनी चहातली साखर सोडली, तर आठवड्याभरात अख्खा कट्टा फिक्का चहा पिऊ लागला. ते रात्री तांब्याच्या भांड्यात पाणी भरून ठेवतात असं कळलं, तर घरोघरी माळ्यावरची तांब्याची भांडी खाली उतरली. एकदा पाय मुरगळला म्हणून त्यांनी काठी घेतली, तर ज्यांचे पाय धडधाकट होते तेही काठ्या टेकत येऊ लागले. आपलं म्हणणंच इतकं बिनतोड असतं, असं मधुकररावांना वाटायचं. आता माणसाला असं वाटून घ्यायचं असेल तर त्याला कोण अडवणार!

फोनचंही तसंच झालं. मधुकररावांच्या खिशात बटणांचा फोन असे. त्यावर त्यांचं ठरलेलं भाषण होतं. "फोन बोलासाठी असते, अन् पाहासाठी टीव्ही आहे. दोन्ही एकात कोंबले तर धड बोलणं होत नाई अन् धड पाहणं होत नाई." झालं. सगळं जग काचेवर बोटं फिरवत असताना या कट्ट्यावर मात्र बटणं दाबली जात. आजूबाजूच्या वस्तीतली पोरं त्याला बटणवाल्यांचा कट्टा म्हणत, आणि मधुकररावांना त्यात आपला गौरव दिसे.

या सगळ्यांत एकच माणूस असा होता जो मधुकरराव आले तरी जागचा हलत नसे. गोविंदा मेश्राम. दोघे बरोबरच नोकरीला लागले, एकाच शिफ्टमध्ये राबले आणि एकमेकांच्या डब्यातलं खाऊन म्हातारे झाले. बाकी सगळे मधुकररावांना साहेब म्हणत, गोविंदा नुसतं मधुकर म्हणे. साहेबांना मनातून तेच गोड लागायचं, पण असलं काही बोलून दाखवायची त्यांच्यात पद्धत नव्हती.

मागच्या दिवाळीच्या सुमारास गोविंदाच्या मुलाने, प्रशिकने, बापाला टचस्क्रीनचा फोन घेऊन दिला. गोविंदा तो घेऊन कट्ट्यावर आला तेव्हा मधुकररावांची वानराची गोष्ट रंगात आली होती. कॅन्टीनमध्ये शिरलेल्या एका दांडग्या वानराला त्यांनी नुसत्या नजरेच्या धाकाने बाहेर काढलं, ती गोष्ट. कट्ट्याला ती तोंडपाठ होती आणि कुठे हसायचं तेही ठाऊक होतं. एरवी गोविंदा शेवटी म्हणायचा, "वानर तुह्या नजरेनं नाई गेलं मधुकर, म्या बाहेर केळी फेकली म्हणून गेलं." त्यावर खरा हशा व्हायचा. पण त्या दिवशी साहेब नजर रोखून दाखवत असतानाच गोविंदा फोनमध्ये पाहून भलत्याच ठिकाणी हसला, आणि ते काय आहे म्हणून आणखी चार डोकी त्याच्या फोनवर वाकली.

साहेबांचं वानर अर्ध्यातच राहिलं.

"ज्याले हे डबडं पाहाचं आहे त्यानं आपल्या घरी बसून पाहावं," ते म्हणाले. "या कट्ट्यावर ते चालणार नाई."

"मले बोलून राहिला का?" गोविंदाने विचारलं.

"सगळ्यायले बोलून राहिलो."

"बरं," गोविंदा म्हणाला. त्याने फोन खिशात घातला, चपला पायात सरकवल्या आणि निघून गेला.

गोविंदाची बायको जाऊन काही वर्षं झाली होती. प्रशिकची नोकरी मौद्याला. बाबांनी आपल्याकडे येऊन राहावं म्हणून तो आणि त्याची बायको मेघा कधीचे मागे लागले होते. गोविंदा टाळत होता तो या कट्ट्यापायी. आता टाळायला काही उरलं नाही. थंडी पडायच्या आत त्याने सामान टेम्पोत घातलं आणि मौद्याला गेला. जाताना सगळ्यांना भेटला, फक्त लांजेवारांचं फाटक वाजवलं नाही.

कट्ट्यावर यावर कोणी चकार शब्द काढला नाही. प्लांटमध्ये एक नियम असतो. यंत्राच्या बटणावर 'चालू करू नये' अशी लाल पाटी कोणी लावली, तर ती ज्याने लावली त्यानेच काढायची. दुसरा कितीही मोठा अधिकारी असला तरी त्याने तिला हात लावायचा नाही. नोकरीभर हा नियम पाळलेली ही माणसं. साहेबांनी फोनवर पाटी लावली होती, ती साहेब काढतील तेव्हा निघेल, असं धरून सगळे गप्प राहिले.

मधुकररावांना मात्र संध्याकाळ खायला उठू लागली. वानराची गोष्ट त्यांनी दोनदा सांगून पाहिली. हशा बरोबर जागेवर आला, पण शेवटी केळ्यांचा विषय काढायला कोणी नव्हतं आणि गोष्ट अळणी झाली. तिसऱ्यांदा त्यांनी सांगितलीच नाही.

आता तुम्ही म्हणाल, बटणांच्या का होईना, पण फोन तर होता ना? एक फोन लावायचा आणि मोकळं व्हायचं! पण फोन लावला की बोलावं लागतं. चुकलं म्हणावं, तर सगळ्या कट्ट्यादेखत दिलेला हुकूम चुकीचा होता असं कबूल करावं लागणार. तसं म्हणायचं नाही, तर मग बोलायचं काय, मौद्याचं हवामान? मधुकररावांनी कितीदा तरी गोविंदाचा नंबर काढला आणि घंटी वाजायच्या आत लाल बटण दाबलं.

अशात एकदा त्यांची बायको सुभद्रा वांगी चिरता चिरता म्हणाली, "गोविंदाभाऊजी तिकडे बाग करून राहिले. स्टेटसवर मेथीचा फोटो टाकला होता."

सुभद्राकडे टचस्क्रीनचा फोन होता. तो त्यांच्या मुलीने, श्वेताने, पुण्याहून पाठवला होता. घरातल्या बायकांवर साहेबांचा हुकूम चालत नसे, हे इथे सांगून ठेवलेलं बरं.

"स्टेटस म्हणजे?" मधुकररावांनी पेपरमधून मान वर न करता विचारलं.

"फोटो टाकाचा. सगळ्यायले दिसते. दुसऱ्या दिवशी आपोआप पुसून जाते."

"बोलावं लागते का त्याच्यात?"

"बोलाचं काय काम? नुसतं पाहाचं."

हे मधुकररावांना फार पटलं. बोलायचं नाही, नुसतं पाहायचं! बायकोचा फोन मागितला असता तर तिने दाखवला असता, पण मग चार प्रश्नही विचारले असते. म्हणून दुसऱ्या दिवशी दातांच्या डॉक्टरकडे जातो असं सांगून साहेब बसने शहरात, बर्डीच्या बाजारात गेले. आपल्या भागातल्या दुकानातून घेतला असता तर ती बातमी त्यांच्या आधी घरी पोचली असती.

"मिसेससाठी पाहिजे," त्यांनी दुकानातल्या विक्रेत्याला न विचारताच सांगितलं. त्याने फोन दाखवला, सगळं चालू करून द्यायला घेतलं आणि म्हणाला, "काका, तुमच्या बटणवाल्या फोनवर ओटीपी आला असेल. सांगा."

मधुकररावांनी बटणांचा फोन छातीशी धरला. "ओटीपी कोणाले सांगाचा नाई, असं टीव्हीवर रोज सांगतात."

"त्याच्याशिवाय व्हॉट्सॲप चालू नाही होत काका."

शेवटी विक्रेत्याकडे पाठ करून त्यांनी स्वतःच तो टाकला. मग त्याने व्हॉट्सॲपवर लावायला त्यांचा फोटो काढला. मधुकरराव ओळखपत्राला बसतात तसे ताठ बसले. त्यांच्या मागे गुलाबी कव्हरांची रांग लटकत होती, तीही फोटोत आली. "आता नंबर कोणाकोणाचे टाकू?" त्याने विचारलं. साहेब म्हणाले, "एकच टाकाचा," आणि गोविंदाचा नंबर तोंडपाठ सांगितला.

नव्या फोनात सिम नव्हतं, पण घरी वायफाय होतंच, सुभद्राच्या मालिकांसाठी घेतलेलं. फोन कपाटात, लोकरीच्या स्वेटरच्या घडीत राहू लागला. सुभद्राला तो सापडायला दुपार पुरली.

"हा कोणासाठी आणला जी?"

"तुह्यासाठी."

"मंग मले काहून हात लावू देत नाई?"

"तू पाडशील," मधुकरराव म्हणाले आणि फोन घेऊन गच्चीवर गेले. सुभद्रा पदर तोंडाला लावून पोटभर हसली. तिने कोणाला काही सांगितलं नाही, ही तिची कृपाच म्हणायची.

रोज सकाळी आंघोळ झाली की साहेब गच्चीच्या जिन्यात बसून स्टेटस पाहत. गोविंदाने मौद्याच्या घरामागे खरंच बाग धरली होती. कधी मेथी, कधी सांबाराचं, म्हणजे कोथिंबिरीचं, कोवळं रोप, कधी टमाट्याला दिलेला बांबूचा आधार. आणि एक वांग्याचं झाड. त्या वांग्याचा तर मधुकररावांना लळाच लागला. त्याला कळी आली, फूल आलं, बोटाएवढं वांगं धरलं, हे सगळं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. एकदा जेवताना ते बोलून गेले, "फूल गळलं नाई, बरं झालं." सुभद्रा म्हणाली, "कोणाचं जी?" तेव्हा त्यांनी घाईने ताक मागितलं.

आता यात एक भानगड होती आणि ती साहेबांच्या गावीही नव्हती. स्टेटस कोणी कोणी पाहिलं, त्याची नावं टाकणाऱ्याला दिसतात. पण मधुकररावांनी उभा जन्म मीटर पाहण्यात घालवला होता. काट्याकडे कोण पाहतं ते काट्याला कधी कळत नाही. तेव्हा आपण चोरपावलांनी जातो आणि चोरपावलांनी येतो, असं समजून साहेब खुशाल होते.

इकडे कट्ट्यावर थोडं चमत्कारिक होऊ लागलं होतं. बसता बसता मंडळी एकेक करून मंदिराच्या भिंतीमागे जात आणि बराच वेळ येत नसत. एक परत आला की दुसरा उठे. या वयात असं होतंच, असं म्हणून मधुकररावांना कणव आली. कोळसा विभागातल्या सुमंत निखाडेंना तर त्यांनी बाजूला घेऊन सांगितलं, "सुमंतराव, लाजू नका. डॉक्टरले दाखवून घ्या. आजकाल गोळ्यायनं बरं होते."

"हो साहेब," सुमंतराव म्हणाले आणि दुसरीकडे पाहू लागले.

होळी झाली, ऊन तापलं आणि स्वेटर-मफलर उतरले. तेव्हापासून मंडळी कापडी पिशव्या घेऊन येऊ लागली. येताना भाजी आणायची असते, असं प्रत्येकाचं म्हणणं. या वयात घरकामाला हातभार लावतात हे पाहून साहेबांना बरं वाटलं. एकदा एका पिशवीतून भजन ऐकू आलं आणि पिशवीच्या मालकाला जोराचा खोकला आला. साहेबांनी त्याला खडीसाखर चघळायला सांगितलं.

आणि मग एके सकाळी गोविंदाचं स्टेटस आलंच नाही.

मधुकररावांना वाटलं, वायफाय गेलं. त्यांनी वायफायचा डबा बंद करून चालू केला. मग वाटलं फोन बिघडला. मग वाटलं, मौद्यालाच नेट नसेल. दुसऱ्या दिवशीही काही नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आदल्या स्टेटसमध्ये वांगं चांगलं मुठीएवढं झालं होतं आणि गोविंदाने त्याच्याखाली लिहिलं होतं, 'एक दोन दिवसांत तोडतो.' माणूस वांगं तोडायला निघतो आणि गायब होतो, याचा अर्थ काय? ऊन लागलं? पाय घसरला? छातीत दुखलं? गोविंदाला बीपी होतं आणि गोळी विसरायची खोड होती. नोकरीत असताना मधुकररावच त्याला आठवण करून देत.

सुभद्राला विचारावं, तर तुम्हाला कसं कळलं, असं ती विचारणार. कट्ट्यावर विचारावं, तर तेच. साहेबांना जेवण जाईना. काचेवर बोट फिरवून फिरवून त्या काचेवर डाग पडले.

चौथ्या संध्याकाळी त्यांनी कट्ट्यावर आडून विषय काढला. "सुमंतराव, मौद्याकडे ऊन कसं असन?"

सुमंतरावांनी शेजाऱ्याकडे पाहिलं. शेजाऱ्याने त्याच्या शेजाऱ्याकडे पाहिलं. "असन साहेब, आपल्यासारखंच."

"म्हाताऱ्या माणसायले तरास होत असन."

"होत असन. पण काही काही म्हातारे टणक असतात."

"तुमाले कसं मालूम?"

"अंदाज आहे साहेब," सुमंतराव म्हणाले आणि पिशवी पोटाशी धरून बसले.

मधुकररावांना कट्ट्याचा भयंकर राग आला. आपल्यातला एक माणूस तिकडे मरतो की जगतो याची यांना फिकीर नाही! मग त्यांच्या लक्षात आलं की फिकीर करायची तोंडं आपणच बंद केली आहेत. ते तसेच घरी गेले. त्यांना गोविंदाची काळजी होती आणि स्वतःची लाज वाटत होती. या दोन्हींतलं जास्त काय आहे, याचा निकाल रात्रभर कूस बदलून लागला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साहेब नेहमीच्या वेळेला कट्ट्यावर आले. मंडळी अर्धवट उठली. साहेब बसले नाहीत. त्यांनी शर्टच्या आतून, बनियनला लावून ठेवलेला टचस्क्रीनचा फोन बाहेर काढला आणि सगळ्यांना दिसेल असा धरला.

"हा माह्या फोन आहे," ते म्हणाले. "म्या हिवाळ्यातच घेतला. रोज यात गोविंदाचं स्टेटस पाहतो. आज पाच दिवस झाले, त्याचं काही नाई. त्याले काय झालं ते कोणाले मालूम असन तर सांगा. नाईतर मी आत्ताच्या आत्ता मौद्याले जाऊन राहिलो."

साहेबांनी घाईघाईने व्हॉट्सॲप उघडलं, गोविंदाच्या नावावर बोट ठेवलं आणि फोन लावला. काचेवर गोल गोल फिरत राहिलं. पुन्हा लावला, पुन्हा तेच. घरचं वायफाय घरीच राहिलं होतं, हे त्यांना कुठे माहीत!

तेवढ्यात सुमंतराव हळूच म्हणाले, "साहेब, हॉटस्पॉट देऊ का?"

"काय?"

"नेट नाई तुमच्याजवळ. माह्यावरून घ्या."

सुमंतरावांनी पिशवीत हात घातला आणि कोथिंबिरीच्या जुडीखालून चकचकीत फोन काढला. त्याबरोबर चारी बाजूंनी पिशव्या उघडल्या. "माह्या घ्या साहेब, माह्याजवळ पूर्ण डेटा आहे." "त्याचा नका घेऊ, लय स्लो आहे!" कोणी खिशातून काढला, कोणी टोपीतून काढला. एकाने तर कट्ट्याच्या मागच्या विटांच्या फटीतून काढला. साहेब आ वासून पाहत राहिले. अख्ख्या कट्ट्यावर आता बटणांचा फोन फक्त त्यांच्याच दुसऱ्या खिशात होता.

"कवापासून?" त्यांनी विचारलं.

सुमंतरावांनी मान खाली घालून सांगितलं. गोविंदा गेल्यावर त्याला बघायला म्हणून सर्वांत आधी सुमंतरावांनीच फोन घेतला. त्यांचा पाहून शेजाऱ्याने घेतला. त्या दोघांना रोज गोविंदाच्या बातम्या कळतात आणि आपल्याला कळत नाहीत म्हणून तिसऱ्याने घेतला. मग कोणालाच मागे राहवेना. सगळ्यांचा एक ग्रुपही होता. मंदिराच्या भिंतीमागे जाऊन मंडळी ग्रुपवर गोविंदाला उत्तरं देत.

"अन् मले काहून नाई सांगितलं?"

"पाटी तुमची होती साहेब," सुमंतराव म्हणाले. "ज्यानं लावली त्यानंच काढाची."

साहेब एकदम आठवून म्हणाले, "अन् माह्याजवळ फोन आहे, हे?"

"ते तर त्याच दिवशी दिसलं. तुमचा नंबर सगळ्यायजवळ आहे ना! फोटो पण दिसला. मागं गुलाबी कव्हरं आहेत तो." मागे कोणी तरी फिसकन हसलं. "गोविंदाभाऊ तर रोज सांगे, आज साहेबानं सहा वाजताच पाहिलं, आज उशिरा पाहिलं. पाहणाऱ्याचं नाव येते साहेब त्याच्यात."

मधुकररावांचे कान लाल झाले. इतके दिवस आपण जिन्यात लपून ज्या माणसाकडे पाहत होतो, तो माणूस पलीकडून आपल्याकडेच पाहत होता! पण लाजायलाही आता सवड नव्हती. "त्याले झालं काय पण?"

"काही नाई झालं. एकदम टणक आहे. म्हणाला, इतके महिने नुसता पाहून राहिला, एक शब्द बोलत नाई. आता मी टाकणंच बंद करतो, मंग पाहू बोलते का नाई. आमाले शप्पथ घातली होती साहेब. काल तुमचं तोंड पाहून माह्या घास उतरला नाई."

दुसरा एखादा असता तर भडकला असता. मधुकरराव पण भडकणारच होते. पण गोविंदा टणक आहे, हे शब्द आधी पोचले, आणि ते मटकन कट्ट्यावर बसले, ते नेमके ज्या जागी गोविंदा बसे त्या जागी. सुमंतरावांनी हॉटस्पॉट जोडून दिला. साहेबांनी पुन्हा फोन लावला, या वेळी घंटी वाजली, आणि काचेवर आधी एक पंखा दिसला, मग एक कपाळ, मग चष्मा लावलेला अख्खा गोविंदा.

"बोला," गोविंदा म्हणाला. आवाज कोरडा होता.

कट्टा साहेबांच्या खांद्यांवरून वाकला. मधुकररावांनी घसा साफ केला. "सूचना अशी आहे की," ते म्हणाले, "कट्ट्यावर फोन वापरावर जी बंदी होती, ती आजपासून उठवण्यात येत आहे."

"बरं. समजलं. आणखी काही?"

"वांगं तोडलं का?"

"तुले काय कराचं आहे माह्या वांग्याशी?"

"नाई, मोठं झालं होतं. जून झालं असतं."

"तोडलं. भाजी केली मेघानं. खाल्ली. संपली. आणखी काही?"

आणखी काही नव्हतं. म्हणजे तयार असं काही नव्हतं. मधुकररावांनी इकडे तिकडे पाहिलं. सगळ्या शिफ्टची तोंडं त्यांच्याभोवती होती आणि कोणी हसत नव्हतं. गोविंदाचं बोट काचेकडे येताना दिसलं, फोन ठेवायला असावं. आता हा जाईल, या धास्तीने साहेब ओरडलेच. मौदा लांब आहे म्हणून मोठ्याने बोलावं लागतं, असंही त्यांना वाटत असेल.

"मले तुही आठवण येते गा गोविंदा! रोज येते!"

मंदिरात आरतीची तयारी करणाऱ्या बायका बाहेर येऊन पाहू लागल्या. कडुनिंबावरचे पोपट उडाले. साहेबांचे डोळे भरून आले होते आणि ते त्यांनी पुसले नाहीत. इतक्या वर्षांत या माणसाच्या तोंडून असलं वाक्य कोणी ऐकलं नव्हतं. त्यांनी स्वतःही ऐकलं नव्हतं.

गोविंदाने चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. मग तो खुर्चीत सरळ झाला आणि त्याने ड्युटीवरचा जुना आवाज काढला. कंट्रोल रूमच्या फोनवर आलेला निरोप ऐकणाऱ्याने शब्द न् शब्द परत म्हणून दाखवायचा आणि समोरच्याने 'बरोबर' म्हणायचं. त्याशिवाय निरोप पोचला असं धरत नाहीत.

"रिपीट करतो," गोविंदा म्हणाला. "मधुकर लांजेवारले गोविंदा मेश्रामची आठवण येते. रोज येते. बरोबर?"

"बरोबर."

"आता माह्या निरोप घे. गोविंदालेही येते. उद्या सकाळच्या बसनं येऊन राहिलो. रिपीट कर."

साहेबांनी तोंड उघडलं. त्यातून नुसता वारा आला. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा वाराच. तेव्हा सुमंतराव त्यांच्या खांद्यावरून पुढे वाकले. साहेब बोलायच्या आधी हा माणूस आयुष्यात कधी बोलला नव्हता. त्यांच्यामागोमाग, कोणी न सांगता, अख्ख्या कट्ट्याने एका सुरात निरोप रिपीट केला: "गोविंदालेही येते! उद्या सकाळच्या बसनं येऊन राहिला! बरोबर?"

"बरोबर," मौद्याहून गोविंदा म्हणाला.